नन्सनी काढलेली वृद्धसेवागृहं: आधी खाट की आधी परवाना?

कोरांटी (धागाकर्ती)

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की डॉक्टर नवरा-बायकोचं दहा-पंधरा खाटांचं खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. खाली औषधाचं दुकान, वर बाळंतिणींच्या खोल्या. १९४९चा मुंबईचा शुश्रूषागृह नोंदणी कायदाही हा शब्द साधारण याच अर्थाने घेतो. अमेरिकेत आणि आयर्लंडात अर्थ निराळा आहे: ज्यांना आपलं आपण उठता-बसता येत नाही आणि घरी बघणारं कोणी नाही, अशा म्हाताऱ्या माणसांनी शेवटपर्यंत राहायचं ठिकाण. हा धागा त्या दुसऱ्या अर्थाबद्दल, आणि त्यातही कॅथलिक नन्सनी काढलेल्या घरांबद्दल.

सुरुवात झान ज्युगाँपासून करते. १७९२ साली फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, कांकाल या मच्छीमारांच्या गावी जन्म. ती लहान असतानाच वडील समुद्रावर गेले ते परत आले नाहीत. १८१७पासून सँ-सेर्व्हां गावच्या रुग्णालयात सहा वर्षं काम, मग बारा वर्षं एका बाईंकडे घरकाम. १८३९च्या हिवाळ्यात, ४७ वर्षांची असताना, तिने ॲन शोव्हँ नावाच्या आंधळ्या आणि अर्धांग झालेल्या विधवेला आपल्या भाड्याच्या बिऱ्हाडात आणलं, स्वतःची खाट दिली आणि आपण पोटमाळ्यावर झोपू लागली. त्या वेळी ती कुठल्याही संघाची नन नव्हती. १८४१ साली एक जुना गुत्ता भाड्याने घेतला, तिथे बारा म्हाताऱ्या. १८४२ साली एक रिकामं कॉन्व्हेंट (नन्सचा मठ) विकत. नियमावली त्यानंतर हळूहळू, १८५२ साली बिशपची मान्यता, १८५४ साली पोप नववे पायस यांची. तोवर संघाचं नाव 'लिटिल सिस्टर्स ऑफ द पुअर' या अर्थाचं झालं होतं.

क्रम बघा: खाट, मग नियम, मग मान्यता. विसाव्या शतकात अमेरिकेत हा क्रम उलटा झाला, आणि नन्सच्या घरांचा पुढचा बराचसा इतिहास त्या उलटापालटीचा आहे असं माझं मत. जाणकारांनी भर घालावी.

बाराखडी

छान धागा. एक दुरुस्ती नव्हे, पण पाठीमागचा धागा जोडतो. वृद्धांसाठी नन्सनी चालवलेलं घर ही कल्पना ज्युगाँची नाही. १६५३ साली पॅरिसमध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी 'येशूचं नाव' या नावाने घर सुरू केलं. चाळीस वृद्ध कारागीर: वीस पुरुष, वीस बायका. काम डॉटर्स ऑफ चॅरिटी या संघाच्या सिस्टर्सकडे.

फरक पैशात होता. त्या घरामागे एका व्यापाऱ्याने नाव गुप्त ठेवून दिलेली मोठी रक्कम होती, त्यामुळे संख्या ठरलेली. एक खाट रिकामी झाल्याशिवाय एकेचाळिसावा आत येऊ शकत नव्हता. शिवाय हातमाग आणून वृद्धांना झेपेल ते काम दिलं होतं, यावर लुईझचा विशेष कटाक्ष होता. ज्युगाँकडे ठेवही नव्हती नि ठरलेली संख्याही नव्हती. कामाची कल्पना मात्र तिनेही ठेवली: तिच्या घरातल्या म्हाताऱ्या लोकर पिंजत, सूत कातत.

जमाखर्च

कोरांटीताई, पैशाचा विषय निघालाच आहे तर तिथेच थोडं थांबू या, कारण या घरांचा खरा शोध तिथे आहे.

ज्युगाँने आणलेल्या म्हाताऱ्या आधी स्वतः दारोदार भीक मागत. त्यांना ती लाज पुन्हा भोगायला लागू नये म्हणून तिने त्यांना विचारलं, तुम्हाला रोज कोण काय द्यायचं? ती घरं, ते पत्ते घेतले, आणि टोपली घेऊन त्यांच्या ऐवजी स्वतः जाऊ लागली. हे साधं वाटतं, पण हिशेबाच्या दृष्टीने फार हुशारीचं आहे. नवा दाता शोधायचा नाही. ज्याच्या घरून एक पाव जायचाच, त्याच्याकडून तोच पाव, फक्त हात बदलला. आणि एका टोपलीत बाराजणींचे दाते एकत्र आले की एकीचा दाता आजारी पडला, गावाला गेला किंवा वैतागला तरी बाकीच्यांवर चूल पेटते.

मिळायचं काय? रोख कमी, वस्तू जास्त. शिळा पाव, बटाटे, सरपण, जुने कपडे, लोकर, हॉटेलांतून एकदा वापरलेली कॉफीची भुकटी, जी पुन्हा उकळून चालायची. सिस्टर्स जोडीने जात. ठरलेला वार, ठरलेली गल्ली. वार चुकला की दाता ती वस्तू दुसऱ्याला देऊन टाकतो, त्यामुळे पाऊस असो की बर्फ, फेरी चुकवायची नाही.

यात बिघडतं कुठे तेही लिहितो. एक, दोन धडधाकट बायका रोज घराबाहेर, म्हणजे तेवढे हात शुश्रूषेतून वजा. दोन, माल हंगामी: एकाच आठवड्यात सगळीकडून कोबी, आणि मग पंधरा दिवस हिरवं पान नाही. त्यामुळे मोठं तळघर आणि खारवण्या-सुकवण्याची सोय असलेलं स्वयंपाकघर ही या घरांची गरज ठरली. तीन, भाडं, औषध आणि डॉक्टर यांना बटाटे चालत नाहीत. रोख लागणाऱ्या खर्चाला रोखच हवी.

तिरकस

जमाखर्च काका, कौतुक पुरे. 'उद्याचं उद्या' या भरवशावर शंभर म्हातारी माणसं ठेवणं हा श्रद्धेचा नव्हे, बेजबाबदारपणाचा नमुना नाही का? एखादी ठेव ठेवली असती तर काय बिघडलं असतं?

जमाखर्च

तिरकस, प्रश्न रास्त आहे आणि संघापुढे तो प्रत्यक्ष आला होता. १८६५ साली. कायम वार्षिक उत्पन्न देणारी देणगी समोर होती. घ्यायची की नाही यावर खल झाला, बाजूला बसवलेल्या ज्युगाँलाही बोलावून विचारलं गेलं, आणि ठरलं की संघ कायमचं ठरावीक उत्पन्न स्वीकारणार नाही. तिला लिहिता-वाचता फारसं येत नसलं तरी त्या निर्णयावर तिची सही आहे.

नीट वाचा: इमारत आणि जमीन मालकीची चालते. भाडं, व्याज, वर्षासन चालत नाही. म्हणजे छप्पर पक्कं, जेवण रोजचं. माझ्या मते यामागचं व्यवहारज्ञान असं की, घराला वर्षासन आहे हे गावात कळलं की पाववाला म्हणतो, 'त्यांना काय कमी?' ठेवीचं व्याज शंभर माणसांतल्या दहांना पुरतं आणि उरलेल्या नव्वदांचे दाते तोडतं. ठेवीने घर सुरक्षित होत नाही, ठरावीक आकाराचं होतं. बाराखडींनी सांगितलेलं चाळीस माणसांचं घर हे त्याचंच उदाहरण.

तरीही तुमच्या आक्षेपातला अर्धा भाग मान्य. गावात दुष्काळ किंवा युद्ध आलं की दाता आणि म्हातारा एकाच वेळी उपाशी. त्यावर या पद्धतीत उत्तर नाही.

रानजाई

'बाजूला बसवलेल्या' म्हणजे? संस्थापिकेला कोणी बाजूला बसवलं?

बाराखडी

रानजाई, हा या इतिहासातला सगळ्यात कडू भाग. सँ-सेर्व्हांचे तरुण धर्मगुरू ऑग्युस्त ल पाय्यर सुरुवातीपासून सल्लागार होते. डिसेंबर १८४३मध्ये सोबतिणींनी ज्युगाँला पुन्हा प्रमुख निवडलं. काही दिवसांतच ल पाय्यर यांनी ती निवड रद्द केली आणि २३ वर्षांच्या मारी जामेला प्रमुख नेमलं. ज्युगाँकडे फक्त मागण्याचं काम राहिलं. गंमत अशी की रेन, दिनां, तूर, आँजे इथली घरं तिच्याच टोपलीवर उभी राहिली. १८५२ साली तिला मुख्यालयात परत बोलावलं, बाहेर जाणं बंद. १८५६पासून सँ-पेर्न इथल्या 'ला तूर सँ-जोसेफ'मध्ये. मृत्यू २९ ऑगस्ट १८७९. म्हणजे सत्तावीस वर्षं ती एक साधी सिस्टर म्हणून जगली. नव्या मुलींना शिकवलं जायचं की संस्थापक ल पाय्यर, आणि ही बाई संघात आलेली फक्त तिसरी सिस्टर. ती गेली तेव्हा संघात सुमारे २,४०० सिस्टर्स होत्या, आणि आपल्यातली ही वृद्धा कोण हे त्यांतल्या बहुतेकींना ठाऊक नव्हतं. १८९० साली रोमने ल पाय्यर यांना पदावरून हटवलं. ज्युगाँला १९८२मध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी संत घोषित केलं.

इतिहास लिहिणाऱ्याने यातून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. खरं काय ते कसं सिद्ध झालं? संघाच्या दप्तरातून नाही, ते तर बदललेलं होतं. सँ-सेर्व्हांचा महापौर आणि गावातले प्रतिष्ठित यांनी फ्रेंच अकादमीला पाठवलेला अर्ज उरला होता. त्यावरून ११ डिसेंबर १८४५ रोजी ज्युगाँला माँतियाँ पारितोषिक मिळालं, ३,००० फ्रँकचं. बाहेरच्या संस्थेच्या कपाटात पडलेला कागद घरातल्या कागदाला खोटा पाडून गेला.

खापरपणजी

बाराखडी, +१. शेवटचा परिच्छेद चौकट करून ठेवावा असा. जुन्या घराचा इतिहास शोधताना मीही हेच सांगेन: संघाची रोजनिशी वाचायला घ्याच, पण शेवटी घ्या. ती नव्या सिस्टर्सना प्रेरणा मिळावी म्हणून लिहिलेली असते. तिच्यात चमत्कार सापडतो, थकलेलं बिल सापडत नाही. अमेरिकेतल्या घराबद्दल कुठे काय शोधायचं ते सविस्तर लिहिते, आधी इतरांचं येऊ दे.

ओसरी

अमेरिकेचा विषय निघाला म्हणून इमारतीबद्दल.

लिटिल सिस्टर्स १८६८ साली ब्रुकलिनमध्ये उतरल्या आणि फ्रान्समधला नकाशा बरोबर आणला. चार वैशिष्ट्यं सर्वत्र दिसतात: मध्यभागी चॅपल (प्रार्थनागृह), एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका, आणि खाली मोठं स्वयंपाकघर. झोपायला मोठे सामायिक दालन, खाटांच्या ओळी, मध्ये फार तर पडदा. बऱ्याच घरांत अंथरुणाला खिळलेल्यांचं दालन चॅपलच्या सज्जाला लागून ठेवलेलं, म्हणजे दार उघडलं की खाटेवर पडल्या पडल्या प्रार्थना ऐकू येते. धार्मिक कारणासाठी केलेली ही योजना शुश्रूषेलाही सोयीची होती: सगळ्यात आजारी माणसं इमारतीच्या मध्यभागी, जिथे दिवसभर कोणी ना कोणी ये-जा करतं. मरणासन्न माणसाजवळ रात्रंदिवस पाळीपाळीने बसायची या संघाची रीत आहे, तीही अशा रचनेत जमते. लांब मार्गिकेच्या टोकाला खोली असली की पहारा दोन दिवसांत कोलमडतो.

वाईट बाजू अशी की उंच जिने, जाड भिंती, अरुंद दारं. चालता येणाऱ्या सत्तरीच्या माणसासाठी बांधलेली इमारत. पुढे आत येणारी माणसंच जास्त वयाची आणि जास्त आजारी होत गेली, तेव्हा तीच इमारत अडचण झाली.

कोरांटी

ओसरी, सामायिक दालनावरून आठवलं. याच मुद्द्यावर एक संघ फुटून निघाला. मदर अँजेलिन टेरेसा मक्रोरी, जन्म १८९३, आयर्लंडचा टिरोन परगणा. १९१२ साली लिटिल सिस्टर्समध्ये दाखल, १९१५ साली अमेरिकेत, पुढे न्यू यॉर्कच्या ब्राँक्समधल्या घराची प्रमुख. तिचं म्हणणं असं की अगदी निर्धन नसलेला, आयुष्यभर स्वतःच्या बिऱ्हाडात राहिलेला अमेरिकन म्हातारा दालनातल्या खाटेवर खचतो. त्याला स्वतःची खोली हवी, स्वतःचं थोडंफार सामान हवं, आणि पन्नास वर्षं संसार केलेल्या जोडप्याला म्हातारपणी दोन अंगांना टाकणं हा अन्याय आहे. फ्रान्सहून बदल मंजूर होईना. १९२९ साली कार्डिनल पॅट्रिक हेज यांच्या पाठिंब्याने ती आणखी सहा सिस्टर्सना घेऊन बाहेर पडली. त्यातून 'कार्मेलाइट सिस्टर्स फॉर द एजेड अँड इन्फर्म' हा संघ झाला.

साल बघा, १९२९. मंदीच्या तोंडावर सात बायका, हातात काही नाही. १९३१मध्ये ब्राँक्समध्ये त्यांचं सेंट पॅट्रिक्स होम सुरू झालं.

तिरकस

म्हणजे गरिबांसाठीचं घर मध्यमवर्गीयांचं झालं. प्रगतीच म्हणायची.

कोरांटी

तिरकस, टोमणा पोचला, पण मला तो अर्धाच पटतो. जोडप्याला एकत्र ठेवणं ही चैन नाही. एक थकलेला आणि एक धडधाकट असेल तर धडधाकट माणूस निम्मी शुश्रूषा आपणहून करतो. पाणी देतो, हाक मारतो, रात्री जागं असतो. वेगळं केलं की तेच काम पगारी माणसाला करावं लागतं, आणि दुसराही लवकर खाटेला लागतो.

जमाखर्च

१९२९नंतरचा पैसा आता. इथेच 'घर'चं 'नर्सिंग होम' झालं.

१९३५च्या अमेरिकन सामाजिक सुरक्षा कायद्यात गरीब वृद्धांना मासिक मदत आली. राज्याने दिलेल्या रकमेतला निम्मा वाटा केंद्राचा, महिना ३० डॉलरपर्यंतच्या रकमेवर. पण एक अट होती: सार्वजनिक संस्थेत, म्हणजे सरकारी गरीबखान्यात राहणाऱ्याला ही मदत नाही. हेतू गरीबखाने रिकामे करण्याचा. परिणाम असा की त्यातली आजारी माणसं खाजगी बिऱ्हाडांत गेली, आणि महिन्याच्या रकमेच्या आशेने कोणीही चार खोल्यांत दहा खाटा टाकून बसलं. नन्सच्या घरांना ही अट लागू नव्हती, ती खाजगी संस्थाच होती. दारात येणारा म्हातारा आता पूर्ण रिकाम्या हाताने येत नव्हता.

१९५०च्या दुरुस्तीने मदत थेट संस्थेला देता येऊ लागली आणि राज्यांना अशा संस्थांसाठी परवाना-व्यवस्था उभारणं भाग पडलं. १९५४ साली रुग्णालय-बांधणीचा निधी नर्सिंग होमनाही खुला झाला, पण ते रुग्णालयाच्या धर्तीवर बांधलेलं हवं. परिचारिकांचा कक्ष, लांब मार्गिका, दोन्हीकडे खोल्या: आज आपण सिनेमात बघतो ते रूप त्या निधीच्या अटींतून आलेलं आहे. १९६५मध्ये मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) आणि मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी वैद्यकीय मदत).

या दोहोंत लोक हमखास गल्लत करतात. मेडिकेअर म्हणजे रुग्णालयात किमान तीन दिवस दाखल राहून आलेल्याला, कुशल शुश्रूषेची गरज असेल तर, जास्तीत जास्त १०० दिवस. त्यातले पहिले २० पूर्ण, पुढच्या ८० दिवसांना रोज काही वाटा रुग्णाचा. वर्षानुवर्षं राहणाऱ्याचा खर्च उचलतं ते मेडिकेड, आणि ते गाठीची पुंजी जवळजवळ संपल्यावरच.

रानजाई

पण मग १८६५च्या निर्णयाचं काय? सरकारचे दरमहा पैसे हे ठरावीक उत्पन्नच झालं की.

जमाखर्च

नेमकं बोललात. पळवाट म्हणा किंवा तर्क म्हणा, तो असा: मेडिकेडचे पैसे त्या त्या माणसाबरोबर येतात आणि त्याच्याबरोबर जातात. संस्थेच्या नावावर कायमचं काही जमा होत नाही. त्यामुळे निर्णयाचं अक्षर मोडत नाही. पण दर अनेकदा प्रत्यक्ष खर्चाहून कमी पडतो, म्हणून मधली तूट मागूनच भरावी लागते. अमेरिकेतली लिटिल सिस्टर्सची घरं आजही मागतात. टोपलीच्या जागी गाडी आली, दाराच्या जागी घाऊक भाजीबाजार आणि रविवारच्या प्रार्थनेनंतरचं चर्चचं अंगण. पद्धत तीच, वार ठरलेला.

ओसरी

परवान्याबरोबर आग आली, तीही सांगायला हवी. १७ फेब्रुवारी १९५७, मिसूरीतल्या वॉरेंटन गावी एका खाजगी वृद्धगृहात ७२ मृत्यू. २३ नोव्हेंबर १९६३, ओहायोतल्या फिचव्हिल इथे ६३. ही दोन्ही घरं नन्सची नव्हती, पण त्यांच्यामुळे बदललेले नियम नन्सच्या जुन्या इमारतींवर येऊन आदळले.

जुन्या इमारतीत आग का पसरते? उघडा जिना धुराड्यासारखं काम करतो. लाकडी सांगाड्याच्या भिंती तळापासून छतापर्यंत आतून पोकळ असल्या तर ज्वाळा प्लास्टरच्या मागून वर चढते आणि पोटमाळ्यात फुटते. आणि मुख्य म्हणजे अंथरुणावरच्या माणसाला जिन्याने उतरवता येत नाही. म्हणून वृद्धगृहात 'बाहेर पळा' हे सूत्र चालत नाही. माणसाला त्याच मजल्यावर धूररोधक भिंतीपलीकडे ढकलत न्यायचं असतं. खाटेसकट. त्यासाठी नव्या बांधकामात मार्गिका ८ फूट रुंद आणि दार साडेएकेचाळीस इंच मोकळं लागतं. शंभर वर्षांपूर्वीच्या विटांच्या भिंतीत प्रत्येक दार रुंद करायचं म्हणजे वरची तुळई बदलायची. शिवाय खोलीत एकटा असेल तर १०० चौरस फूट, वाटून राहत असतील तर माणशी ८०. दालनाचं विभाजन केलं की खाटांची संख्या घसरते, खर्च तेवढाच राहतो. पाण्याचे स्वयंचलित फवारे सगळ्या नर्सिंग होममध्ये सक्तीचे झाले ते मात्र फार उशिरा: शेवटची मुदत १३ ऑगस्ट २०१३.

कित्येक संघांनी जुनी वास्तू पाडून नवी बांधली ती हौसेने नव्हे. दुरुस्तीचा अंदाज नव्या बांधकामाच्या जवळ गेला की पर्याय उरत नाही.

बाराखडी

आणि अमेरिकेचा १९८७चा नर्सिंग होम सुधारणा कायदा. तो इमारतीवर नाही, हातांवर आला. शुश्रूषा-मदतनिसाला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण आणि चार महिन्यांच्या आत परीक्षा. आठवड्याचे सातही दिवस रोज सलग ८ तास नोंदणीकृत परिचारिका, आणि चोवीस तास परवानाधारक परिचारिका. दाखल झाल्यापासून १४ दिवसांत संपूर्ण मूल्यमापन, मग दर तिमाहीला आढावा, वर्षातून एकदा पुन्हा संपूर्ण. खाटेला किंवा खुर्चीला बांधून ठेवण्यावर कडक निर्बंध.

सिस्टर म्हणून तीस वर्षं म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारी बाईही प्रमाणपत्राशिवाय मदतनीस म्हणून मोजली जात नाही. यात चूक आहे असं मी म्हणणार नाही. फिचव्हिलला काही रुग्ण बांधलेल्या अवस्थेत सापडले होते. पण त्याच काळात संघांत नव्या मुली येणं आटत गेलं. सिस्टरच्या श्रमाला पगार नव्हता. दहा सिस्टर्स निवृत्त झाल्या की तीन पाळ्या भरायला दहाहून जास्त पगारी माणसं लागतात, कारण पगारी माणसाला सुट्टी असते, आजारपणाची रजा असते, आणि रात्री ती तिथे राहत नाही. नन्सच्या घराचं अर्थकारण कुठल्या कायद्याने नव्हे, या एका बेरजेने मोडलं.

तिरकस

बाराखडी, हे वाक्य मात्र शंभर टक्के मान्य. बिनपगारी बाईचं श्रम ही या घरांची खरी ठेव होती. १८६५ साली नाकारलेली ठेव दुसऱ्या खात्यावर होतीच.

जमाखर्च

तिरकस, याला उत्तर नाही माझ्याकडे. हिशेबात ते धरायलाच हवं.

खापरपणजी

आता कबूल केल्याप्रमाणे, एखाद्या अमेरिकन घराचा इतिहास कसा शोधायचा.

आधी नाव. 'वृद्ध गरिबांसाठी घर' असं जुनं नाव असतं, मग त्यातला 'गरीब' गळतो, मग 'घर' जाऊन 'निवास' येतो, मग एखाद्या संताचं नाव. सगळी नावं कालक्रमाने मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका. जमिनीचं खरेदीखत मात्र यांतल्या कुठल्याच नावावर नसतं. ते नोंदणीकृत संस्थेच्या कायदेशीर नावावर असतं. परगण्याच्या निबंधकाकडे त्या नावाने शोधा. खतातला विकणारा कोण हेही बघा. जुनं घर किंवा हवेली विकत घेऊन सुरुवात केली की कोऱ्या जमिनीवर बांधलं, हे तिथेच कळतं.

मग जनगणना. संस्थेत राहणारे सगळे ओळीने येतात: वय, जन्मस्थान, कधी कधी पूर्वीचा व्यवसाय. त्यावरून कोणत्या देशातून आलेली माणसं होती ते दिसतं, आणि घर नेमकं कोणाचं होतं हे कुठल्याही गौरवग्रंथापेक्षा स्वच्छ कळतं. १८८० साली निराधार, अंध वगैरेंची स्वतंत्र पुरवणी यादी केलेली आहे, ती चुकवू नका. १८९०ची जनगणना शोधण्यात वेळ घालवू नका. १९२१च्या आगीनंतर तिचा नगण्य भाग उरला आहे. माहिती ७२ वर्षांनी खुली होते; १९५०ची यादी १ एप्रिल २०२२ला खुली झाली.

सिस्टर्स शोधताना मोठी फसगत होते. संघात घेतलेलं नाव वेगळं, जन्मनाव वेगळं, आणि गणनादाराने ऐकून लिहिलेलं तिसरंच. एकाच घरात तीन 'सिस्टर मेरी' असतात, त्यामुळे वय आणि जन्मस्थान जुळवूनच ओळख पक्की करायची. शिवाय बदल्या वारंवार होतात. दहा वर्षांनी त्या घरात एकही तीच नसते.

इमारतीसाठी सॅनबॉर्नचे आगविम्याचे नकाशे. गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड. मजले किती, बॉयलर कुठे, हेही असतं. ओसरींनी सांगितलेला सगळा प्रकार तिथे रंगांत दिसतो: पुढे गुलाबी भव्य इमारत आणि मागे पिवळी जोडइमारत, जिथे बहुधा धुलाई.

ओसरी

धुलाईचं बरोबर. वृद्धगृहात स्वयंपाकाच्या खालोखाल जागा आणि पाणी खाणारं काम तेच. लघवीवर ताबा नसलेल्या एका माणसाच्या चादरी दिवसातून तीन-चारदा बदलाव्या लागतात. धुलाईची क्षमता किती, यावरून ते घर खाटेला खिळलेली किती माणसं ठेवू शकत होतं याचा अंदाज येतो. ओल्या चादरीवर माणूस पडून राहिला आणि दर दोन तासांनी कूस बदलली नाही की माकडहाडावर जखम ठरलेली.

रानजाई

भारतात यांचं काही?

कोरांटी

आहे ना. लिटिल सिस्टर्स १८८२ साली कलकत्त्यात आल्या. पुढे बंगळूर, सिकंदराबाद, मुंबईत अंधेरीलाही त्यांची घरं झाली. १९४८च्या डिसेंबरात मदर तेरेसा आपला आधीचा लोरेटो संघ सोडून, पाटण्याला शुश्रूषेचं शिक्षण घेऊन कलकत्त्यात परतल्या, तेव्हा त्या आधी उतरल्या ते लिटिल सिस्टर्सच्या सेंट जोसेफ होममध्येच. तिथून त्या रोज वस्तीत जात. मात्र १९५२चं कालीघाटचं निर्मल हृदय हे नर्सिंग होम नव्हे. ते रस्त्यावर मरायला टेकलेल्यांसाठी. दोन्हींची गल्लत नको.

रानजाई

धन्यवाद. एक शेवटचं: घराचं स्थापना-साल कुठलं धरायचं? पाटीवर एक, स्मरणिकेत दुसरं, परवान्यावर तिसरं असतं.

खापरपणजी

तिन्ही खरी असतात. सिस्टर्स गावात उतरल्या ते साल, पहिल्या म्हाताऱ्याला आत घेतलं ते, जमीन घेतली ते, कोनशिला, बिशपने आशीर्वाद दिला ते, आणि राज्याचा परवाना. लिटिल सिस्टर्सच्या बाबतीत आगमन आणि पहिली खाट यांत बहुधा काही दिवसांचंच अंतर असतं, पण कोनशिला कित्येकदा वर्षांनी येते, आणि पाटीवर कोनशिलाच कोरलेली असते. लेखात सहाही सालं द्या, आणि 'स्थापना' हा शब्द दाखल-नोंदवहीतल्या पहिल्या नावापुढे लिहा.